बुंध्याकडचा माणूस

काळजी करणाऱ्यांची शर्यत लावली तर आमचे डेपोवाले काका जगात पहिले येतील, यात मला शंका नाही. फक्त ते शर्यतीला येणार नाहीत. धावताना कुणी पडलं तर, या काळजीनं ते घरीच बसतील, आणि शर्यत संपली की एकेकाला फोन करून विचारतील, "निघाले तेवढेच परत आले ना जी?"

डेपोवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. इथं अमेरिकेत, कॅरी गावात, लेकी-मुलांकडे येऊन राहिलेली आम्ही सात जुनी माणसं रोज संध्याकाळी घरांमागच्या पायवाटेनं फिरायला जायचो. त्यात पुरुषांची ओळख सुटलेल्या नोकरीवरून व्हायची. एक बँकवाले, एक एसटीवाले, आणि हे लाकडाच्या डेपोवाले. बायकांची ओळख नातवंडांवरून, म्हणून मी मनूची आजी. ते मला ताई म्हणायचे आणि मी त्यांना काका. नात्याचा कुठं मेळ बसत नव्हता, पण इथं ते कुणी विचारत नाही. काकांची सगळी नोकरी गडचिरोलीकडच्या जंगलात, एका लाकूड कंत्राटदाराकडे झाली. काम हजेरीचं. सकाळी किती मजूर आत गेले ते लिहायचं, संध्याकाळी किती बाहेर आले ते लिहायचं, आणि मध्ये प्रत्येक झाड पडलं की एकदा डोकी मोजायची. नोकरी सुटली, जंगल सुटलं, देशही सुटला, पण डोकी मोजायचं काही सुटलं नाही. आमची पायवाट जिथं जिथं वळते तिथं काका थांबायचे आणि बोटानं आम्हाला मोजायचे. सात भरले की "चला" म्हणायचे. एकदा वळणावर आठ भरले. मागून पळत आलेला एक गोरा तरुण आमच्यात अडकला होता. काकांनी हात आडवा करून त्याला थांबवलं आणि पुन्हा मोजलं. पुन्हा आठ. त्यानं कानातले इअरफोन काढून "सॉरी?" म्हटलं. काका गंभीरपणे म्हणाले, "यू आर एक्स्ट्रा." तो बिचारा हसून निघून गेला, पण मी भीतीनं दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी राहिले. आता पोलीस येतील असं मला वाटत होतं. मला तसं फार लवकर वाटतं.

काकांच्या खिशात नेहमी कापडी टेप असायचा. कुठंही मोठं झाड दिसलं की छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, मग चार पावलं मागं सरून, डोळा बारीक करून झाड कुठं कललंय ते बघायचं. इकडं पाइनची झाडं दोन-दोन घरांएवढी उंच वाढतात आणि घरंही लाकडाचीच, त्यामुळे काकांच्या जिवाला आराम नव्हता. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवर बोटानं टकटक करायचे. "पाइनच. पाइनच्या घरात राहायचं, पाइनच्या खाली राहायचं, अन् झोप लागते म्हणे लोकांले." एक दिवस त्यांनी माझ्याकडे खडू मागितला. माझे मालक शिंपी होते, मी आयुष्यभर दुकानाची काजं-बटणं केली, म्हणून शिंप्याचे दोन खडू माझ्या डब्यात असतात. मी एक दिला. चार दिवसांत आमच्या भागातल्या धोक्याच्या सगळ्या झाडांवर एक ते चौदा नंबर पडले, जंगलात कटाईआधी घालतात तसे. लगेच वसाहतीच्या ऑफिसातून सगळ्या घरांना ईमेल आली, की झाडांवर खुणा कोण करतंय, कळवा. लेकीनं जेवताना सहज वाचून दाखवली. उरलेला खडू मी पोह्यांच्या डब्यात आत दाबून ठेवला आणि आठ दिवस घरात पोहे होऊ दिले नाहीत. आमच्या घराच्या मागचं झाड सात नंबरचं. वारा सुटला की काकांचा फोन यायचा, "ताई, आज स्वयंपाक समोरच्या खोलीत करा." समोरच्या खोलीत सोफा आहे, चूल नाही, हे मी त्यांना दर वेळी सांगत असे. ते दर वेळी म्हणत, "मग भाजी लवकर होणारी टाका."

अशा माणसानं सिनेमा बघू नये. पण लायब्ररीत कागद लागला होता, की शनिवारी दुपारी शंभर वर्षांपूर्वीचा मुका सिनेमा दाखवणार आहेत, उत्तरेकडच्या बर्फातल्या लाकूडतोड्यांचा, आणि एक बाई समोर बसून पियानो वाजवणार आहेत. काकांनी तो कागद वाचला आणि आमच्या घोळक्यात जाहीर केलं. कुणी तयार होईना. मग ते मला म्हणाले, "चला जी ताई. कोणी बोलतच नाही त्याच्यात. आपल्यासाठीच काढला समजा." मला नाही म्हणायला जमत नाही, म्हणून मी गेले. आत अंधार झाल्यावर कळलं, की पडद्यावरची माणसं बोलत नसली तरी मध्ये मध्ये इंग्रजी पाट्या येतात. मी चौथी शिकलेली, तीही मराठीतून. काकांनी ती अडचण ओळखली आणि प्रत्येक पाटी मला मराठीत सांगायला सुरुवात केली. त्यांना वाटत होतं ते कुजबुजतायत. पुढच्या दोन रांगा वळून बघत होत्या. "हा तरुण पोरगा कामावर नवीन आला आहे. ही मालकाची पोरगी. हा मुकादम, याच्यावर लक्ष ठेवा, याची नियत बरोबर नाही." एका पाटीच्या वेळी पोरगा पोरीचा हात धरून काहीतरी म्हणाला. काका खाकरले आणि म्हणाले, "घरच्यांची विचारपूस करून राहिला." पाटी चारच अक्षरांची होती, पण मीही पुढं विचारलं नाही.

मग ते झाड आलं. एवढं मोठं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. मुकादमानं पोराचा काटा काढायला बुंध्यावर भलतीकडून खाच मारून ठेवली होती. झाड पोराच्या अंगावर यावं असा त्याचा बेत होता. पोरगी बर्फातून धावत येते, सगळे मजूर वर शेंड्याकडे बघतायत, पियानोवाली बाई जोरजोरात वाजवतेय. झाड हललं. आणि माझ्या शेजारी काका ताडकन उभे राहिले आणि एवढ्यांदा ओरडले, की मला वाटलं खरंच छतावरून काहीतरी येतंय. "बुंध्याकडून सरक रे! बुंध्याकडून!"

पियानो थांबला. झाड मात्र पडलं, बर्फाचा धुरळा उडाला, पोरगा वाचला, पोरगी त्याच्या गळ्यात पडली. दिवे लागले. लायब्ररीतली एक बाई आली, तिनं काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि सर, सर म्हणत त्यांना हळूच बाहेर घेऊन गेली. मी पण उठायला हवं होतं. पण उठलं की सगळे आपल्याकडे बघणार, या भीतीनं मी पदर घट्ट धरून तशीच बसले. पुन्हा अंधार झाला आणि मी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. पाट्या सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी नुसती माणसं बघत राहिले. जेवणाचं लांब टेबल, नदीतून वाहणारी लाकडं, मुकादम बुडतो ते, आणि शेवटी लग्न.

बाहेर आले तर काका बाकावर बसले होते. हातात पाण्याचा कागदी पेला, तोंड पांढरं. सिनेमात पुढं काय झालं हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "तो निघाला का?"

"कोण?"

"बुंध्याकडचा. चौकड्याच्या शर्टवाला."

मी म्हटलं, मी पाहिला नाही.

"कोणीच नाही पाहिला," काका म्हणाले. "झाड पडते तेव्हा सगळे शेंड्याले भितात. शेंडा सांगून येते ताई. बुंधा सांगत नाही. शेंडा खाली गेला की बुंधा मागं उसळते. तो बरोब्बर मागं उभा होता. पडायच्या आधी अकरा माणसं होती, मी मोजली. धुरळा बसल्यावर दहा."

मी म्हटलं, सिनेमा आहे काका. ते म्हणाले, "पिक्चर आहे मान्य. झाड तर खरं आहे ना? ते काय पुठ्ठ्याचं आहे? अन् त्याच्या खालचा माणूस?" मग पेल्यातल्या पाण्याकडे बघत त्यांनी मला जे सांगितलं ते तीन-चार वाक्यांतच सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मोठा साग पाडला. झाड चांगलं पडलं म्हणून सगळे खूश होते, कुणीतरी चहा पुढं केला, आणि काकांनी आधी चहा घेतला, मग मोजलं. एक कमी होता. सोमा नावाचा. बुंध्यामागच्या झुडपात सापडला, तेव्हा उशीर झाला होता. "चहा प्यायला किती वेळ लागते हो?" काका म्हणाले, आणि पेला तसाच बाकावर ठेवून उठले.

त्यानंतरचे तीन आठवडे काकांच्या घरी दुसरा विषय नव्हता. लायब्ररीतून त्या सिनेमाची डिस्क आणली. काका रोज दुपारी ती लावायचे, झाडापाशी थांबवायचे, उठून टीव्हीला नाक लावून मोजायचे. अकरा. मग पुढं. दहा. मग जेवणाच्या टेबलाचा प्रसंग. तिथंही दहा. नदीवर कमी-जास्त, पण चौकड्याचा शर्ट कुठंच नाही. लग्न आलं की बंद करायचे. "लग्नाचं काय पाहायचं जी, तिथं मजुराले कोण बोलावते." त्यांचं जेवण कमी झालं. बीपी वाढलं. सून स्वभावानं गोड, औषधाच्या कंपनीत कामाला जाते, घरूनही काम करते, पण तीसुद्धा थकली. मला दारात म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी समजवा ना. डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका सांगितलं, आणि हे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं टेन्शन घेतात. आता नागपूरचं तिकीट काढलंय, रविवारी फ्लाइट. मोठे दीर तिकडे आहेत, तिकडे बरं वाटेल." काकांना जायचं नव्हतं असं नाही. पण ते म्हणत, "एक माणूस कमी सोडून कसा जाऊ?"

जायच्या आधीच्या मंगळवारी आम्ही सगळे त्यांना भेटायला म्हणून चहाला गेलो होतो. टीव्हीवर झाड थांबवलेलं होतं. मी पहिल्यांदाच तो माणूस नीट, मोठा पाहिला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, दाढी नाही, उजव्या हातात कुऱ्हाडीचा दांडा. चार बोटं दांड्याला वेढलेली आणि अंगठ्याशेजारचं बोट सरळ ताठ. ते वाकत नव्हतं. माझं असंच एक बोट आहे. मशीनची सुई पेरातून आरपार गेली होती, तेव्हापासून ते वाकत नाही, भाकरी थापतानाही ते तसंच आभाळाकडे बघत राहतं. असं बोट मी विसरणार नाही. आणि हे बोट मी आधी कुठंतरी पाहिलं होतं. चहाचा कप हातात घेऊन मी विचार करत बसले, आणि कप संपेपर्यंत आठवलं. लग्नात. लग्न लावणारा पाद्री. लांब काळा कोट, छातीपर्यंत दाढी, हातात पुस्तक, आणि पुस्तकावरून एक बोट ताठ बाहेर आलेलं.

आता कुणालाही वाटेल की मी लगेच बोलले असेन. मी बोलले नाही. खोलीत आठ माणसं होती, त्यात बँकवाले होते, एसटीवाले होते, सून होती. मी बोलायचं आणि ते बोट दुसऱ्याच कुणाचं निघायचं. काकांना आशा लावायची आणि ती माझ्यामुळे मोडायची. मी कप विसळून ठेवला आणि घरी आले. बुधवारी ठरवलं, फिरताना सांगायचं. काका फिरायला आलेच नाहीत. गुरुवारी फोन हातात घेतला आणि ठेवला. शुक्रवारी मनूला म्हटलं, एका माणसाचं बोट बघून तो तोच आहे असं सांगता येतं का गं? ती म्हणाली, "आजी, माय फोन डझ इट एव्हरी डे." शनिवारी वारा होता. मी मागच्या सात नंबरकडे बघत भाजी केली. काकांचा फोन आला नाही. काकांनी वाऱ्याच्या दिवशी फोन केला नाही, असं कधी झालं नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर मी चप्पल घातली आणि न बोलावता, न कळवता त्यांच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. दारात दोन बॅगा उभ्या होत्या. काका सोफ्यावर कोट घालून बसले होते, मांडीवर टेपची गुंडाळी. मी म्हटलं, "काका, तो सापडलाय." माझा आवाज इतका बारीक आला की त्यांनी "काय म्हणता?" विचारलं. मी पुन्हा म्हटलं. "बुंध्याकडचा. लग्न लावतोय."

सुनेनं पर्समध्ये टाकलेली डिस्क काढली. लायब्ररीत परत द्यायला निघाली होती ती. आधी झाडाचं चित्र थांबवलं आणि मी टीव्हीजवळ जाऊन बोट दाखवलं, म्हणजे माझं ताठ बोट त्याच्या ताठ बोटावर ठेवलं. मग लग्न लावलं. पाद्री आला. पुस्तक उघडलं. बोट बाहेर. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दाढी खोटी आहे," ते हळूच म्हणाले. "कानापाशी सुटली आहे पाहा." तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पण सून फार हुशार. ती म्हणाली, "पण बाबा, पिक्चरचं शूटिंग पुढंमागं करतात ना. हे लग्न झाडाच्या आधीच शूट केलं असेल तर?"

तिला बोलल्याबरोबर वाईट वाटलं, ते दिसलं. काकांचा चेहरा उतरला. मी खाली बघायला लागले. मला वाटलं, हेच होणार होतं, म्हणून तर मी बोलत नव्हते. काका मात्र टीव्हीकडेच बघत होते. मग ते उठले, पुढं गेले, आणि टीव्हीच्या खालच्या कोपऱ्याला नाक लावलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "हा पाद्री उभा कशावर आहे?"

सगळ्यांना दिसावं म्हणून पाद्री तोडलेल्या झाडाच्या, जमिनीत उरलेल्या उंच बुंध्यावर उभा होता. बुंध्याला लग्नाच्या फांद्या गुंडाळल्या होत्या. काकांनी फांद्यांमधून बोट फिरवलं. "ही मुकादमाची खाच. भलतीकडून मारलेली. अन् हे मधलं फाटलेलं लाकूड, झाड मुरडून पडलं तेव्हाचं. अशी खाच एका जंगलात दोन झाडांवर कोण मारते? हा तोच बुंधा आहे. म्हणजे लग्न झाड पडल्यावरचं. झाड काय दोनदा पडते?" मग ते माझ्याकडे वळले आणि हसले. "ज्यानं मारायचं त्याच्याच डोक्यावर उभा राहून लग्न लावून राहिला, बदमाश."

विमानाला वेळ होत होता, सून गाडीची किल्ली वाजवत होती, तरी काकांनी कागद मागितला. जंगलात असं काही झालं की पंचनामा करायचा असतो आणि त्यावर दोन पंचांच्या सह्या लागतात. काकांनी कोट घातलेल्या अंगानं, बॅगेवर कागद ठेवून लिहिलं: इसम क्रमांक अकरा, नाव माहीत नाही, चौकड्याचा शर्ट, उजव्या हाताचे एक बोट ताठ, झाड पडल्यानंतर त्याच बुंध्यावर लग्न लावताना जिवंत मिळून आला. सर्व मजूर हजर. एका पंचाची सही सुनेनं इंग्रजीत केली. दुसरी मी केली. मला सहीला वेळ लागतो. काकांनी घाई केली नाही. कागदाची घडी करून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, पासपोर्टच्या शेजारी. निघताना दारात सगळ्यांना बोटानं मोजलं, आणि गाडीत बसल्यावर काच खाली करून पुन्हा एकदा.

आता थंडी संपत आली. सात नंबर अजून उभं आहे. पावसानं आकडा फिका झाला होता, तो मी पोह्यांच्या डब्यातला खडू काढून परवा पुन्हा गिरवला. कुणी बघितलं नाही. रविवारी आमच्या संध्याकाळच्या फिरण्याच्या वेळी नागपुरात पहाट असते. काका लवकर उठतात, तेव्हा त्यांचा फोन येतो. तब्येत, हवा, काही नाही. आधी विचारतात, "सगळे आहेत का?" मी म्हणते, आहेत. "आहेत म्हणू नका जी. मोजून सांगा." मग मी वळणावर थांबते आणि फोन कानाला धरून सगळ्यांना बोटानं मोजते. बँकवाले हसतात, पण थांबतात. "सहा," मी सांगते.

"एक कमी आहे," काका म्हणतात.

"तुम्हीच आहात तो."

मग म्हणतात, "हो. मी इकडं आहे. लिहून ठेवा."

म्हणून लिहून ठेवलं.